अर्धा किलोचं वजन

“वहिनी, बोट! चापावरनं बोट काढा आधी!”

मी एवढ्या जोरात ओरडलो की खाणीच्या वरच्या अंगाला चरणाऱ्या शेळ्या बिथरल्या. कुमुदवहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत. पदर कमरेला खोचलेला, पायांत साध्या रबरी चपला, आणि दोन्ही हातांत ते छोटंसं रिव्हॉल्व्हर. साठी उलटलेली बाई. चापाकडं टक लावून बघत होत्या.

“रिकामी आहे ना पण?”

“रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. पहिला धडा हाच सांगितला ना मी? आणि रिकामी आहे हे कुणी बघितलं?”

“तुम्ही बघितलंत.”

“मी बघितलं हो. तुम्ही बघितलं का?”

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि का कुणास ठाऊक, एकदम चेहराच उतरला त्यांचा. मला वाटलं, आपला आवाज जास्तच चढला. फौजेत सव्वीस वर्षं काढली, मला हळू बोलताच येत नाही. आमची ही म्हणते, तुम्ही जेवताना मीठ मागितलं तरी शेजारचे दार लावून घेतात.

ह्याला आता सोळा वर्षं झाली. मी सुभेदार म्हणून रिटायर होऊन गावी आलो होतो आणि तालुक्याच्या रायफल क्लबात शिकवायचं काम धरलं होतं. क्लब म्हणजे फार काही समजू नका. बंद पडलेली दगडाची खाण, तिच्या पोटाशी वाळूची पोती रचून केलेला बांध, तीन लाकडी चौकटी, एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये दोन कुलपांचं लोखंडी कपाट. शिकायला कोण यायचं? बँकेचे वॉचमन, एखादा हौशी बागायतदार, पोलीस भरतीची पोरं. बाईमाणूस असं पहिलंच.

आणि रिव्हॉल्व्हरही साधं नव्हतं. दिसायला देखणं. विलायती, बत्तीस बोअरचं, सहा घरांचं, शिंगाची काळी मूठ, तळहातात मावेल एवढं. वहिनींचे सासरे इंग्रजांच्या काळात पोलीस पाटील होते, त्यांचं. त्यांच्यामागं ते आलं जगदाळे सरांकडं. सर म्हणजे गावच्या हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. निम्मा तालुका त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झालेला. वहिनी शिकायला यायच्या अडीच वर्षं आधी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ह्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागून सर आपल्या घरात गेले.

कागदावर लिहिलं होतं, शस्त्र साफ करताना अपघात. टेबलावर तेलाची बाटली होती, फडकं होतं. गाव मात्र वेगळंच बोलत होतं. रिटायर झाल्यापासून सर गप्प गप्पच असायचे म्हणे. आदल्या दिवशी घरात मोठी वादावादी झालेली शेजाऱ्यांनी ऐकली होती म्हणे. आणि पंचनामा लिहिणारा इन्स्पेक्टर सरांचाच विद्यार्थी. तो गुरूची अब्रू झाकणार नाही तर काय करणार?

शस्त्र दोन वर्षं पोलिसांत पडून राहिलं. मग कोर्टाच्या हुकमानं आमच्या क्लबाच्या कपाटात जमा झालं. वारस म्हणून लायसन आपल्या नावावर करायचा अर्ज वहिनींनी केला. त्यासाठी शस्त्र चालवायला शिकल्याचा दाखला लागतो, तो मी द्यायचा.

“कशाला हा खटाटोप, वहिनी?” पहिल्याच दिवशी मी विचारलं. “सरकारजमा करून टाका. तुम्हाला काय वाघ मारायचाय?”

“सुभेदारभाऊ, एक विचारू? ही आपोआप उडू शकते का?”

मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागलो.

“गाव म्हणतं, सरांनी मुद्दाम केलं. कागद म्हणतो अपघात. माझा दोघांवरही विश्वास नाही. पुण्याहून लेक फोन करतो, म्हणतो, आई, विसर आता. कसं विसरू? बेचाळीस वर्षांचा संसार. ते मला टाकून गेले की नुसतेच गेले, एवढं तरी मला कळायला नको?”

“शिका आधी,” म्हटलं, “मग सांगतो.” खरं म्हणजे पळ काढला मी. पाकिस्तानच्या तोफांपुढं कधी पळालो नाही, पण त्या बाईपुढं पळालो.

तर अशी सुरुवात. रोज सकाळी आठच्या एसटीनं त्या फाट्यावर उतरायच्या आणि खाणीपर्यंत चालत यायच्या. सोबत पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल. मी जे सांगेन ते वहीत लिहून घ्यायच्या. सरांचीच सवय लागलेली.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला दिला. चाप ओढला की घोडा आपोआप मागं जातो आणि पुढं आपटतो. जुनं काम, स्प्रिंग कडक. वहिनींनी एका बोटानं ओढून बघितलं, जमेना. दोन बोटं लावली. हात थरथरायला लागला, तेव्हा कुठं ‘कट्’ असा आवाज आला.

“बाई गं,” त्या म्हणाल्या, “एवढा जड?”

“असतोच. चुकून ओढला जाऊ नये म्हणून.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. च्यायला, कधी काय बोलावं ह्याचा पोचच नाही मला. वहिनींनी रिव्हॉल्व्हर हळूच टेबलावर ठेवलं, नळी बांधाकडं करून, मी शिकवलं होतं तसंच. मग वही उघडली आणि काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून ताणकाटा काढला. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत असतो ना, स्प्रिंगचा, तो. चापाला अडकवून त्यांनी स्वतः ओढला. एकदा, दोनदा, पाच वेळा. सहा किलो भरला.

“सहा किलो,” वहिनी म्हणाल्या. “गव्हाची निम्मी पिशवी उचलल्यासारखं. फडक्यानं पुसताना बोट लागून हा ओढला जाईल?”

“वहिनी...”

“खरं सांगा.”

“नाही,” मी म्हटलं. “अवघड आहे.”

त्या दिवशी पुढं शिकवणं झालं नाही. शेडच्या सावलीत दगडावर बसून राहिल्या. मी चहा केला. कप हातात धरून बसल्या, प्यायल्या नाहीत. अकराची एसटी धरून गेल्या. मला वाटलं, आता काही ही बाई परत यायची नाही. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं मला.

पण दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीनं हजर.

“आज गोळी घालून शिकवा,” म्हणाल्या.

मी पाच मीटरवर चौकट लावली, कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवली, आणि एकच काडतूस भरून दिलं. पहिली गोळी बांधाच्या वर दगडात. दुसरी खाली मातीत. तिसरी कुठं गेली ते त्या खाणीलाच ठाऊक.

“डोळे मिटताय तुम्ही,” मी म्हटलं. “आवाज व्हायच्या आधीच डोळे मिटता आणि मनगट खाली दाबता.”

“नाही मिटत.”

आता ह्याला आमच्याकडं एक औषध आहे. शिकणाऱ्याला न सांगता मधेच एखादं फुसकं काडतूस भरून द्यायचं. गोळी उडतच नाही, पण माणूस दचकून आपला आपणच उघडा पडतो. मी तसंच केलं. चाप ओढला, नुसतं ‘कट्’ झालं, आणि वहिनींचे दोन्ही हात वीतभर खाली गेले. डोळे गच्च मिटलेले.

मी हसलो. “बघा! मिटत नाही म्हणे.”

मला वाटलं होतं, त्याही हसतील. त्या डोळे उघडून म्हणाल्या, “पुन्हा भरा. मी डोळे मिटायला नाही आले इथं.”

आणि खरंच, त्या दिवसानंतर त्यांनी कधी डोळे मिटले नाहीत. दोन आठवड्यांत दहा मीटरवर सहाच्या सहा गोळ्या थाळीएवढ्या वर्तुळात बसायला लागल्या. आमचे बँकेचे वॉचमन बघत उभे राहायचे. एकजण म्हणाला, “काकू, आमच्या बँकेत या नोकरीला.” वहिनी म्हणाल्या, “येते की. पण दुपारी झोपायची सवय आहे मला, तुमच्यासारखीच.” सगळी शेड हसली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना कुणाची चेष्टा करताना बघितलं.

दाखला द्यायचा दिवस आला. मी कागद भरून तयार ठेवला होता. वहिनींनी तो बघितलाही नाही.

“भाऊ, मी शिकले. आता सांगा. चाप न ओढता ही उडते का?”

आता पळायला वाव नव्हता. मी रिव्हॉल्व्हर उघडलं, स्वतः बघितलं, त्यांना बघायला लावलं, आणि बंद करून आडवं धरलं.

“हा घोडा बघा. ह्याच्या नाकाला ही टोचणी. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असला तरी मधे आड असतो, टोचणी काडतुसाला लागत नाही. ह्या जुन्या कामात आड नाही. घोडा खाली असला की टोचणी नेमकी वरच्या घरातल्या काडतुसाच्या बुडाशी, ठिणगी पाडणाऱ्या टोपीला टेकलेली. घोड्यावर दणका बसला, तर... म्हणून जुनी माणसं सहा घरांत पाचच काडतुसं भरायची. घोड्याखालचं घर रिकामं.”

“आणि घोड्याखालीच काडतूस असेल तर? आणि ती हातातनं निसटून फरशीवर पडली तर?”

“तर उडू शकते. पण वहिनी, सरांना हे माहीत असणार. विज्ञानाचा माणूस. शिवाय शस्त्र घरात रिकामं ठेवायचे ते, सगळा तालुका जाणतो. काडतुसं वेगळ्या डब्यात, डब्याला कुलूप. मग घोड्याखाली काडतूस येणार कुठून?”

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, “मी घातलं होतं.”

मला आधी कळलंच नाही.

“खंडेनवमीला शस्त्राची पूजा करतो ना आपण. आमच्या सासूबाईंची रीत होती. पूजा झाली की शस्त्र उपाशी ठेवायचं नाही. नैवेद्य देवाला, काडतूस शस्त्राला. एकच, वरच्या घरात, समोर दिसतं तिथं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की काढून पुन्हा डब्यात. सरांना असलं काही चालायचं नाही. सासूबाई त्यांच्या नकळत करायच्या. त्या गेल्यावर मी करायला लागले. एकोणतीस वर्षं केलं. कुलपाची किल्ली माझ्याच जुडग्यात. त्यांना कधी पत्ता लागला नाही.”

“आणि त्या वर्षी?”

“त्या वर्षी विधानसभेची निवडणूक. शस्त्रं पोलिसांत जमा करायची नोटीस आलेली. मीच म्हटलं, दसरा होऊ दे, पूजेशिवाय नेऊ नका. दसऱ्याच्या दुपारी ते म्हणाले, आता जमा करतो ती कायमचीच करतो. लायसन नको, घरही नको, पुण्याला लेकाकडं जाऊ. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं...” त्यांनी पेन्सिल वहीवर ठेवली. “मी म्हटलं, तुम्ही जा खुशाल. तुमच्याशिवाय मी सुखात राहीन. असं म्हटलं हो मी. सोनं वाटायलाही गेलो नाही आम्ही. दोन खोल्यांत दोघं. आणि त्या भांडणात काडतूस काढायचं राहिलं.”

“सकाळी सर ती पुसायला बसले.”

“हळदकुंकू पुसून पोलिसांत न्यायला. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. आवाज आला.”

मी कपाळाला हात लावला. पंचनाम्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. एक फुटलेलं काडतूस, बाकीची पाच घरं रिकामी. गाव म्हणायचं, ज्याला जायचंय त्याला एक पुरतं.

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“आधी भीती वाटली. मग वाटलं, काय सांगू? त्यांनी उघडून बघितलं असेल, काडतूस दिसलं असेल, आणि माझं ते बोलणं डोक्यात असेल, तर? मग माझं काडतूस होतं की त्यांचं मन होतं, हे कसं कळणार?”

त्या पहिल्या दिवशी, ‘तुम्ही बघितलं का?’ ह्या माझ्या ओरडण्यावर त्यांचा चेहरा का उतरला होता, ते मला आत्ता कळलं.

“वहिनी, ऐका माझं,” मी म्हटलं. “हे इथंच सोडा. उडत नाही असं निघालं, तर सरांनी मुद्दाम केलं असं होतं. उडते असं निघालं, तर तुमच्या माथी येतं. दोन्हीकडं तुमचंच मरण आहे. कशाला बघायचं?”

“माझ्या माथी आलं तर मी वाहीन,” त्या म्हणाल्या. “माझी चूक असली तरी चालेल मला. पण ते माझ्यावर रागावून गेले, हे नाही हो वाहवत.”

आणि त्यांनी पिशवीतून वाण्याकडं असतं तसलं अर्धा किलोचं लोखंडी वजन काढून टेबलावर ठेवलं.

“मी तुमच्या काट्यावर मोजलं. ही अर्धा किलोची आहे. आमचं टेबल अडीच फूट उंच. ती अडीच फुटांवरून घोड्यावर पडली काय आणि अर्धा किलोचं वजन अडीच फुटांवरून घोड्यावर पडलं काय, दणका तेवढाच. सर असते तर असंच करून दाखवलं असतं वर्गात.”

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दहा काडतुसं तयार करून आणली. गोळी काढलेली, दारू काढलेली, बुडाला नुसती टोपी. फुटली तर फटाकडीएवढा आवाज, बाकी धोका नाही. रिव्हॉल्व्हरला गोणपाट गुंडाळून ते लोखंडी पकडीत घट्ट आवळलं, घोडा वर आणि नळी वाळूच्या पोत्यात. वजन सरळ पडावं म्हणून पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप उभा बांधला, मोजून अडीच फूट. वहिनींना चार हात लांब उभं केलं.

पहिलं वजन सोडलं. ठण्ण. काही नाही.

काडतूस बदललं. दुसऱ्यांदा सोडलं. काही नाही.

मी वहिनींकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. मला काय झालं कुणास ठाऊक. तिसऱ्यांदा वजन पाइपाच्या तोंडाशी नेलं, आणि सोडण्याऐवजी हिसका देऊन खाली हाणलं.

फाट्!

“उडाली!” मी ओरडलो. “वहिनी, उडाली! बघितलंत? चाप न ओढता उडाली! अपघातच तो!”

वहिनी पुढं आल्या. फुटलेलं काडतूस काढून तळहातावर घेतलं. माझ्याकडं बघितलं.

“पहिली दोन तुम्ही सोडलीत, भाऊ. हे टाकलंत.”

चोरी पकडल्यावर पोराची होते तशी गत. पंचावन्न वर्षांचा सुभेदार मी, मान वर करता येईना.

“तुमचं मन चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “त्या इन्स्पेक्टरचंही चांगलं होतं. तुमच्या सगळ्यांच्या चांगल्या मनापायीच मी अडीच वर्षं झोपले नाही. व्हा बाजूला. हे मोजायचं नाही.”

मी बाजूला झालो. मीच म्हटलेलं, चार हात लांब.

त्यांनी रिव्हॉल्व्हर उघडलं. बघितलं. काडतूस वरच्या घरात घातलं आणि बंद केलं. वजन दोन बोटांत धरून पाइपाच्या तोंडाशी नेलं आणि नुसतं सोडलं.

काही नाही.

वहीत एक रेघ मारली. दुसरं काडतूस. नाही. दुसरी रेघ. तिसरं, नाही. मधे एकदा वजन पाइपात तिरकं अडकलं, तर ते मोजलं नाही, काढून पुन्हा सोडलं. नाही. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या भैरोबाला नारळ बोललो. देवाला काय मागत होतो तेही मला धड कळत नव्हतं. ह्या बाईच्या हातून तिचा नवरा गेला असं ठरू दे, हे मागत होतो मी! असं मागणं कुणी केलं असेल का?

पाचवं. हात जरासुद्धा हलत नव्हता त्यांचा. महिनाभर मीच तो हात स्थिर केला होता. वजन सुटलं.

फाट्.

लहानसा आवाज. पाइपातून धुराची एक रेघ वर आली.

वहिनींनी वहीत पाचवी रेघ मारली. मग न वळता म्हणाल्या, “तुम्ही कुठं होता?”

“इथंच. चार हात लांब. शपथ घेतो कुणाचीही.”

“पाइपाला हात लावला नव्हता ना?”

“नाही वहिनी.”

“सातातून एकदा,” त्या म्हणाल्या. “तुमची दोन, माझी पाच.”

“सातातून एकदाच,” मी म्हटलं. खोटं बोलायची आता हिंमतच नव्हती. “दर वेळी उडेल असं नाही.”

“त्यांच्या हातून ती एकदाच पडली असेल ना, भाऊ. सात वेळा कोण पाडतं?”

“पण पडलीच असं तरी कुठं...”

“ते कुणीच सांगू शकत नाही. पण पडून उडू शकते. आणि काडतूस माझं होतं. आणि ती रिकामी आहे असं समजून ते निवांत बसले होते, तेलाची बाटली घेऊन. एवढं मला पुरे आहे.”

आणि मग त्या वाळूच्या पोत्यावर बसल्या आणि रडल्या. अडीच वर्षांत त्या रडल्या नव्हत्या, हे मला नंतर त्यांच्या लेकानं सांगितलं. तेराव्यालाही नाही. त्या दिवशी मात्र पदर तोंडाशी धरून, अगदी मोकळ्यानं. “माझ्या हातून झालं हो,” म्हणत होत्या, “माझ्याच हातून झालं. ते नाही गेले मला टाकून.” आपल्या हातून नवरा गेला म्हणून कुणाला सुटल्यासारखं वाटावं, हे मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी शेडमागं गेलो आणि उगीच स्कूटर पुसत बसलो.

थोड्या वेळानं त्या आल्या. माठातलं पाणी घेऊन तोंड धुतलेलं, पदर नीट केलेला.

“चला,” म्हणाल्या.

“कुठं? दाखला तरी घ्या.”

“दाखला राहू द्या. लायसन कुणाला हवंय? ती सरकारजमा करा, सरांना करायची होती तशी. मला पोलीस ठाण्यात सोडा.”

सगळ्या रस्ताभर मी त्यांना समजावत होतो. फाइल बंद झालीय, कुणी विचारत नाही, हयगयीनं माणूस मेला असा गुन्हा लागू शकतो, ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, पिशवी मांडीवर घेऊन. ठाण्यात जुना इन्स्पेक्टर बदलून गेला होता. नवा फौजदार, पोरसवदा, भला वाटला. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली आणि टेबलावर पुढं वाकला.

“आजी, कागदावर अपघातच आहे. तुमचं नाव कुठंच नाही. कशाला उगीच अंगावर ओढून घेता?”

“कागदावर अपघात आहे, पण गावात नाही,” वहिनी म्हणाल्या. “अडीच वर्षं माझ्या नवऱ्याच्या अंगावर जे घातलंय, ते आधी काढा. माझ्या अंगावर काय घालायचं ते मग बघा. काडतूस मी घातलं आणि काढायचं विसरले. लिहा.”